पंधरा मिनिटांचं स्क्रम आणि पाऊण तासाची हजेरी

संपादक साहेब, नमस्कार.

आयटीतल्या पोरापोरींच्या कामाच्या ताणाबद्दल आपल्या पेपरात आलं होतं ते वाचलं, चांगलं होतं, पण त्यात एका वाक्यात सगळं खापर "स्क्रमसारख्या पद्धतीं"वर फोडलंय ते काही पटलं नाही म्हणून लिहितोय. स्क्रम म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांची टीमने छोट्या छोट्या टप्प्यांत काम करायची एक पद्धत. मी आयटीतला नाही. चिंचवडला एका कारखान्यात ३१ वर्षं क्वालिटीत होतो, आता रिटायर. पण आमची सूनबाई घरूनच काम करते आणि फ्लॅट आमचा टू बीएचके, त्यामुळे तिचं स्क्रम मला रोज ऐकू येतं, ऐकायचं असो नसो.

रात्री साडेनऊला सुरू होतं, तिकडे अमेरिकेत सकाळ असते ना. नाव "डेली स्टँडअप", उभं कुणीच नसतं, आणि चालतं पाऊण तास. मॅनेजर एकेकाचं नाव घेतो, काल काय केलं, आज काय करणार, का नाही झालं, कधी होणार, आणि बाकीचे सगळे म्यूटवर आपापल्या पाळीची वाट बघत बसतात, आमची सूनबाई तेवढ्यात मेथी निवडून घेते. मला आमची फर्स्ट शिफ्टची हजेरी आठवली. सुपरवायझर फळ्यापाशी उभा राहून कालचं प्रॉडक्शन विचारायचा आणि आम्ही खाली मान घालून ऐकायचो. तेच हे, फक्त हेडफोन लावून.

एकदा तिला म्हटलं की हे स्क्रम म्हणजे आहे तरी काय, तर तिने मला त्याच्या गाईडची प्रिंटच आणून दिली. नेटवर फुकट मिळतं, जेमतेम तेरा-चौदा पानं, केन श्वेबर आणि जेफ सदरलँड या दोघांनी लिहिलेलं, सध्याची आवृत्ती नोव्हेंबर २०२० ची. डिक्शनरी घेऊन दोन दुपारी बसलो. आणि खरं सांगतो, जे मी रोज रात्री ऐकतो ते त्यात नाहीच!

त्यात लिहिलंय की डेली स्क्रम, म्हणजे हेच रोजचं स्टँडअप, १५ मिनिटांचं, आणि ते काम करणाऱ्यांचं आहे, म्हणजे डेव्हलपर्सचं. साहेबाला रिपोर्ट द्यायला नाही, तर या स्प्रिंटचं, म्हणजे कामाच्या ठरवून घेतलेल्या छोट्या टप्प्याचं, जे ध्येय ठरलंय तिकडे आपण चाललोय का ते आपसात बघायचं आणि पुढच्या दिवसाचा प्लॅन हलवायचा असेल तर हलवायचा. काल काय आज काय हे प्रश्न जुन्या आवृत्त्यांमध्ये होते, २०२० मध्ये ते काढूनच टाकले. स्क्रम मास्टर हे नाव ऐकून मला वाटलं होतं हातात छडी असणार, पण गाईडमध्ये तो बॉस नाहीच, टीमच्या वाटेतले अडथळे दूर व्हावेत हे बघणारा माणूस आहे. कामं वाटून देणारा मॅनेजर तर त्या पानांत कुठे सापडतच नाही. कोण काय कधी कसं करणार हे टीम स्वतः ठरवते. सूनबाईच्या ऑफिसात मॅनेजर आणि स्क्रम मास्टर एकच गृहस्थ आहेत, तिथेच घोळ झाला.

बरं, याचं मूळ कुठलं म्हणाल तर ते आमच्या कारखान्यांच्या जगातलंच निघालं. ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांनी १९८६ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत लेख लिहिला होता, होंडाची सिटी गाडी (आपल्या रस्त्यावरची नव्हे, ती जुनी छोटी), कॅननचा कॅमेरा, फुजी झेरॉक्सचं मशीन असली प्रॉडक्ट्स कशी झटपट तयार झाली त्यावर. त्यांचं म्हणणं असं की एका खात्याने काम संपवून दुसऱ्याच्या हातात द्यायचं, ही रिले रेस झाली, त्यापेक्षा रग्बीसारखं सगळ्यांनी मिळून बॉल पुढे न्यावा. स्क्रम हा शब्द तिथला. आपल्याकडे रग्बी कोण बघतंय, कबड्डीतली साखळी डोळ्यासमोर आणा. मग सदरलँडने १९९३ मध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत हे करून बघितलं आणि १९९५ मध्ये त्याने आणि श्वेबरने मिळून अमेरिकेत ऑस्टिनच्या एका सॉफ्टवेअर परिषदेत मांडलं.

मला सगळ्यात आवडलं ते "डेफिनिशन ऑफ डन". क्वालिटीवाला माणूस ना मी. आमच्याकडे गो-नोगो गेज असायचं, भोकात गो गेलं पाहिजे आणि नोगो अडकलं पाहिजे, संपला विषय, "नव्वद टक्के बसतंय साहेब" असलं काही चालायचं नाही. हे अगदी तसंच आहे. "झालं" म्हणजे काय काय झालं हे आधीच सगळ्यांना माहीत असलं पाहिजे, आणि त्यात जे बसत नाही ते ग्राहकाला द्यायचं नाही, स्प्रिंटच्या शेवटी काम दाखवायची बैठक असते त्या रिव्ह्यूत दाखवायचंसुद्धा नाही, परत बॅकलॉगमध्ये, म्हणजे बाकी कामांच्या यादीत. इकडे मी रोज ऐकतो, "डन आहे, फक्त टेस्टिंग बाकी आहे". आमच्या वेळी असं बोललो असतो तर इन्स्पेक्शन टेबलावरून उचलून बाहेर ठेवला असता मला.

अजून एक. स्प्रिंट जास्तीत जास्त एक महिन्याचा, आणि तो चालू असताना त्याचं ध्येय धोक्यात येईल असं काही मधे घुसवायचं नाही. कुठलं काम आधी कुठलं नंतर हे ठरवणारा प्रॉडक्ट ओनर हा एक माणूस, कमिटी नाही, हे गाईडमध्ये स्पष्ट आहे. सूनबाईला तिघं जण सांगतात, तिघांचंही अर्जंट, आणि ते गुरुवारी संध्याकाळीच का आठवतं देव जाणे. वर स्टोरी पॉइंट, म्हणजे कुठलं काम किती मोठं याचे अंदाजाने दिलेले आकडे, ते मोजून अप्रेझल. हे स्टोरी पॉइंट मी त्या चौदा पानांत पहिल्यापासून शेवटपर्यंत शोधले, एकदाही नाहीत. स्प्रिंटमध्ये एवढं काम होईल हा टीमचा अंदाज असतो हे २०११ च्याच आवृत्तीत आलंय, आधी तिथे बांधिलकीचा शब्द होता तो बदलला. इकडे मात्र सोमवारचा अंदाज पुढच्या शुक्रवारी कर्ज होतो.

आता स्क्रमवाले अगदीच धुतल्या तांदळाचे आहेत असं नाही हं. ते स्वतःच म्हणतात की आम्ही हे मुद्दाम अपुरं ठेवलंय, बाकीचं टीमने भरावं. अहो, पण रिकामी जागा ठेवली की ती भरतो कोण, ज्याच्या हातात पगारवाढ आहे तो! रात्रीच्या कॉलबद्दल, अप्रेझलबद्दल त्यात अवाक्षर नाही. तेवढा दोष मी त्यांना देतो. पण त्याच गाईडमध्ये हेही आहे की यातलं थोडंच घेतलंत तर त्याला स्क्रम म्हणू नका. म्हणून म्हणतो, ताणाबद्दल जरूर लिहा, पण चाललीय हजेरी आणि नाव स्क्रमचं, असं होऊ नये.

या सगळ्या तक्रारी सांगायची जागासुद्धा त्यांनी ठेवलीय, स्प्रिंटच्या शेवटी रेट्रोस्पेक्टिव्ह, एक महिन्याच्या स्प्रिंटला तीन तासांपर्यंत. आमच्या क्वालिटी सर्कलसारखंच, काय चुकलं आणि पुढच्या वेळी काय बदलायचं. सूनबाईला म्हटलं अगं मग हे तिथे का नाही बोलत. म्हणाली, बाबा, शेवटची रेट्रो झाली ती दिवाळीच्या आधी, तेव्हापासून दर वेळी डिलिव्हरी आहे म्हणून कॅन्सल.

आपला,
एक रिटायर्ड क्वालिटी इन्स्पेक्टर, चिंचवड