कूलर बंद ठेवतो

महाल, नागपूर
१४ मे

चि. मनू,

अनेक आशीर्वाद. रविवारी गाडी हलायच्या आधीच मी फलाटावरून परत फिरलो, त्यावरून तुझी आई अजून बोलून राहिली. पार्किंगचे पैसे वाढत होते म्हटलं. तिला पटलं नाही.

तू छोटा ई-फ्लॅट क्लॅरनेट हप्त्यांवर घ्यायचं म्हणतेस, त्या हप्त्यांबद्दल लिहायचं नाही असं ठरवूनच बसलो आहे. क्लॅरनेटबद्दल लिहितो, तेवढंच मला कळतं.

ई-फ्लॅट म्हणजे सुमारे ४९ सेंटीमीटरची नळी. आपला नेहमीचा बी-फ्लॅट ६६ चा. नळी आखूड, त्यामुळे भोक केसभर सरकलं तरी सूर बोंबलतो. छोट्यात स्वस्त आणि सुरेल असं दोन्ही मिळणं म्हणूनच कठीण. प्लास्टिकला नाक मुरडू नकोस. चांगल्या कंपन्याही शिकाऊ वाद्यं एबीएस प्लास्टिकची करतात. लाकूड गोड बोलतं हे खरं, पण सूर ठरतो तो आतली पोकळी कशी कातली आणि भोकं कुठे पाडली त्यावर. आणि सुट्टीत लाकडाचा घेऊन इथे आलीस तर आपल्या ४५ अंशांत तडकायचा.

वाजवल्याशिवाय पैसे देऊ नको. दहा मिनिटं फुंकून गरम होऊ दे, थंड क्लॅरनेट उतरलेलाच बोलतो. मग मोबाइलवर तानपुरा लाव. खालचा एक स्वर लांबव आणि बोटं न हलवता डाव्या अंगठ्याची चावी दाब. बासरीसारखा वरचा सा येत नाही, थेट वरच्या सप्तकातला प येतो. ती जोडी जुळते का बघ. अशा सगळ्या जोड्या बघ, घाई करू नको. मधले घशातले सूर, जवळजवळ सगळी भोकं उघडी ठेवून येतात ते, वेगळे तपास. दुकानदार म्हणेल, बॅरल, म्हणजे तोंडाकडचा जोडतुकडा, जरा ओढा. ओढला की घशातलेच सूर जास्त उतरतात, लांब नळीचे फारसे हलत नाहीत. एक शिवावं तर दुसरं उसवतं. माउथपीस ई-फ्लॅटचाच लागतो. पैसे उरले तर त्यावर घाल.

उरले तर. पगार किती, खोलीचं भाडं किती, त्यात बारा हप्ते. नाही, राहू दे.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. तुझ्या जन्माच्या आदल्या वर्षी आईच्या पाटल्या गहाण ठेवून मी तो चकाकता क्लॅरनेट आणला. चाव्यांची चमक बघून घेतला, दुकानात धड एक सूरही लावला नाही. पहिल्याच वरातीत घशातले सूर असे चढे लागले की ट्रम्पेटवाल्याने दोनदा मागे वळून बघितलं. डोक्यावर दिव्यांचं झाड घेतलेली बाईसुद्धा हसली. तिसऱ्या वरातीपासून बँडच्या मालकाने माझ्या हाती झांजा दिल्या. झांजा! त्या वाजवून मी व्याज फेडलं. पाटल्या काही सुटल्या नाहीत. तुझी आई एका शब्दाने बोलली नाही, तेच अजून टोचतं.

म्हणून त्या दिवशी तुझ्यावर ओरडलो. तू माझ्यासारखी नाहीस, तपासून घेशील, हे कळतं मला. चुकलंच माझं. पण त्या हप्त्यांच्या कागदावर सही करण्याआधी तुमच्या बँडमध्ये कोणाकडे पडून असलेला ई-फ्लॅट महिनाभर उसना मिळतो का, एवढं तरी विचार. बघ, पुन्हा तेच.

परवा गुड्डू आला होता कामठीहून. त्याला तुझी ती क्लिप दाखवली, पहिल्या रांगेतली. तो म्हणाला, डोळे मिटूनही कळतं कोणाची पोरगी आहे. मी काही बोललो नाही. तो गेल्यावर चार जणांना पाठवली.

संत्रा बर्फी रमेशमामासोबत देतो आहे. जुन्या डबीतलं, क्लॅरनेटच्या जोडांवरच्या कॉर्कला लावायचं ग्रीसही आहे, वास येत असेल तर फेकून दे.

दुकानात गेलीस की तिथूनच फोन लाव आणि त्या जोड्या मला ऐकव. सकाळी अकराच्या आत कर. मी कूलर बंद ठेवतो.

तुझा,
बाबा