पोटावर हात ठेवून श्वास मोजणाऱ्या डॉक्टर मॅडमना

प्रिय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

लहान मुलांच्या आयसीयूतून आम्ही बाहेर पडलो त्या सकाळी तुमची ड्युटी संपली होती, त्यामुळे आभार मानायचे राहूनच गेले. तसं ते उभ्या उभ्या दोन शब्दांत मावलंही नसतं. हे पत्र उघड लिहितोय, कारण ज्यांचं मूल आज आत व्हेंटिलेटरवर आहे अशा आईबापांनीही ते वाचावं असं वाटतं.

आमची मुलगी तेव्हा पाच महिन्यांची होती. पावसाळ्यात आमच्या मोठ्या मुलाला सर्दी झाली. त्याचं नुसतं नाक वाहिलं, हिच्या मात्र छातीत उतरलं. आरएसव्ही नावाचा विषाणू, त्यातून ब्रॉन्किओलायटिस म्हणजे बारीक श्वासनळ्यांची सूज, आणि शेवटी घशातून व्हेंटिलेटरची नळी. सुरुवातीला तिला गाढ झोपवून ठेवलं होतं. फुफ्फुसं इतकी आजारी असताना सगळं काम मशीनने करणंच योग्य, हे तुम्ही तेव्हाच समजावलं होतं. मला लिहायचंय ते त्यानंतरच्या रात्रीबद्दल.

झोपेचं औषध कमी केलं, तिचा स्वतःचा श्वास सुरू झाला आणि त्याबरोबर अलार्मही. ऑक्सिजनचा आकडा खाली येई, ती तोंड वेडंवाकडं करी. "बेबी फाइट करतंय, मिडाझोलाम देऊ का?" असं कुणीतरी विचारलं, म्हणजे बाळ मशीनशी झगडतंय, झोपेचं औषध देऊ का. तुम्ही म्हणालात, "थांबा, आधी बघू." नळीतला कफ काढलात, नळी सरकली नाही ना ते पाहिलंत, डायपरसुद्धा उघडून बघितलात. मग तिच्या पोटावर हात ठेवून पूर्ण एक मिनिट घड्याळाकडे बघत उभ्या राहिलात. स्क्रीनवर मिनिटाला ३२ श्वास दिसत होते. तुमच्या हाताला लागले ४८.

"सोळा वेळा हिने मागितलं आणि मशीनला कळलंच नाही," तुम्ही म्हणालात.

मी एमआयडीसीत हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांचं मेंटेनन्स बघतो, त्यामुळे गप्प बसवेना. का कळलं नाही, असं मी विचारलं. रात्रीच्या त्या वेळी एखाद्या डॉक्टरने बापाला बाहेर बसायला सांगितलं असतं, तर मी त्यात काही गैर मानलं नसतं. तुम्ही मात्र मला स्क्रीनजवळ बोलावलंत आणि हवेच्या प्रवाहाची रेघ दाखवलीत. श्वास सोडतानाची रेघ शून्याला टेकायच्या आतच पुढचा श्वास सुरू होत होता, आणि त्या रेघेत मधेच एक बारीकशी खाच होती. ती खाच म्हणजे तिचा फुकट गेलेला प्रयत्न. या आजारात बारीक श्वासनळ्या सुजतात. हवा आत जाते, पण पुरती बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून आत दाब साठतो. श्वास घ्यायचा तर आधी त्या साठलेल्या दाबावर मात करायची. त्यानंतर उरलेली ओढ मशीनच्या सेन्सरपर्यंत पोहोचणार. पाच महिन्यांच्या जिवाची ओढ ती केवढी!

तुम्ही मशीनची श्वास आत सोडण्याची वेळ कमी केलीत, म्हणजे बाहेर टाकायला तिला जास्त वेळ मिळाला. पीप, म्हणजे श्वास सोडून झाल्यावरही मशीन राखतं तो दाब, थोडी वाढवलीत, म्हणजे आतल्या साठलेल्या दाबाशी फरक कमी झाला. ट्रिगर, म्हणजे किती ओढ लागली की मशीनने श्वास द्यायचा ती मर्यादा, हलका केलात. तर आता उलटंच झालं. तिने न मागताच मशीन श्वास द्यायला लागलं. तुम्ही नळीभोवतून हवा गळत नाही ना ते तपासलंत आणि मग पाइपकडे बोट दाखवलंत. आत वाफेचं पाणी साचून डुचमळत होतं. आमच्या कंप्रेसरच्या लाइनमध्ये पाणी साचलं की प्रेशर स्विच असाच उगाच नाचतो. सिस्टरनी पाइप खाली धरून पाणी ट्रॅपमध्ये उतरवलं, तुम्ही ट्रिगर पुन्हा जरासा जड केलात आणि परत पोटावर हात ठेवलात. या वेळी दोन्ही आकडे जवळजवळ जुळले. जादा डोस न देताच ती झोपली.

औषधाला तुमचा विरोध नव्हता. लागेल तेव्हा देऊच, म्हणालात. पण मशीनच्या चुकीसाठी मुलाला झोपवलं, तर श्वासपटल, म्हणजे छातीखालचा श्वासाचा स्नायू, रिकामं बसून दुबळं होतं, नळी काढणं लांबतं आणि मग औषध सुटतानाचा त्रास वेगळाच.

नाकातून पोटात जाणाऱ्या नळीवर सेन्सर बसवून श्वासपटलाचा विद्युत संदेश टिपणारी 'नावा' नावाची पद्धत आहे, हेही तुमच्याकडूनच कळलं. मेंदूचा हुकूम श्वासपटलाला पोहोचला की मशीन त्याच्या जोडीने चालू होतं, हवा हलायची वाट बघत नाही. घरी आल्यावर मी त्याबद्दल वाचलं. क्रिस्टर सिंडरबी आणि सहकाऱ्यांनी ती १९९९ मध्ये मांडली. वाचता वाचता १९५२ च्या कोपनहेगनपर्यंत गेलो. तिथे पोलिओची साथ होती आणि भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या सांगण्यावरून वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांशेजारी बसून हाताने रबरी पिशवी दाबत होते. पिशवी दाबणाऱ्या हाताला समोरच्याचा श्वास थोडाफार कळत असणारच, असं मला वाटतं. पुढे हाताची जागा मशीनने घेतली आणि ते कळणं सेन्सरला शिकवावं लागलं. "आपल्याकडे नावा नाही, हात आहे," असं तुम्ही हसत म्हणाला होतात. मला ते हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं नाही.

त्या सिस्टरनाही आमचा नमस्कार सांगा. हात स्वच्छ धुऊन तो पोटावर कसा अलगद ठेवायचा, हे त्यांनी माझ्या बायकोला शिकवलं. तोवर ती बिचारी लेकीला हात लावायलाही भीत होती. इतर आईबापांना एवढंच सांगेन: मशीनच्या बटणांना हात लावू नका, पण "बाळाचा आणि मशीनचा श्वास जुळतोय का?" असं जरूर विचारा. विचारल्याचा राग आलेला डॉक्टर मला तरी तिथे दिसला नाही.

मुलगी आता पलंगाला धरून चालते. मध्यंतरी सर्दीत एकदा छाती वाजली, पण नेब्युलायझरवर भागलं. मोठ्याला ताकीद आहे, नाक वाहत असेल तर हिच्यापासून चार हात लांब.

तुमची एमडीची परीक्षा एव्हाना झाली असेल. निकाल लागला की कळवा. पास झालेल्याने पेढे द्यायचे असतात हे माहीत आहे, पण या वेळी ते आम्ही घेऊन येऊ.

आपला कृतज्ञ,
खाट क्रमांक चारच्या मुलीचा बाप