भोगीच्या आधी झरोका उघडा

मा. संपादक,
स. न.

भोगी आठ-दहा दिवसांवर आली आहे. त्या पहाटे घरातल्या बायका-पोरी एकीपाठोपाठ एक डोक्यावरून न्हातात आणि हल्ली ते पाणी गॅस गिझरवर तापतं. म्हणून हे पत्र भोगीच्या आधी छापावं, ही विनंती.

मी साखर पेठेत राहतो, 22 वर्षं प्लंबिंगचं काम करतो. मागच्या थंडीत एका गिऱ्हाइकानं बाथरूमच्या झरोक्यातून वारं येतं म्हणून तिथं ॲक्रिलिकची शीट बसवायला सांगितली. गिझर आतच होता. मी शीट बसवली, कडेनं सिलिकॉनही भरलं. तीन आठवड्यांनी त्यांची कॉलेजला जाणारी मुलगी आत बेशुद्ध पडली. नळ चालू, हाकेला ओ नाही. आईनं धडका मारून दार उघडलं. कडी जुनी होती म्हणून निघाली. पोरगी वाचली. घरचे म्हणत होते, उपवासानं चक्कर आली असेल. मी जाऊन गिझर लावून पाहिला. ज्योत निळी हवी, ती शेंड्याला पिवळी होती आणि वरच्या पत्र्यावर काजळी धरली होती. शीट तिथल्या तिथं काढली. चूक माझी होती, तसं त्या माउलीला सांगितलं.

सहा लिटरचा गिझर तासाला पाऊण ते एक किलो गॅस खातो. किलोभर गॅस नीट जळायला सुमारे 15 किलो, म्हणजे साडेबारा घनमीटर हवा लागते. चार बाय सहाच्या, आठ फूट उंच न्हाणीत साडेपाच घनमीटरसुद्धा हवा मावत नाही. झरोका बंद असला तर चौथी-पाचवी न्हायला जाते तेव्हा आत काय उरत असेल? हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, या वायूला तो नाही. डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. डोकं दुखतं, मळमळतं, मग पाय गळतात आणि कडीपर्यंत हात पोचत नाही. बोटाला लावायचं साधं ऑक्सिमीटरसुद्धा अशा वेळी चांगला आकडा दाखवून फसवतं.

'एक्झॉस्ट फॅन आहे की,' असं बरेच जण म्हणतात. हवा आत यायला वाटच नसेल तर फॅन बाहेर काय टाकणार? दाराच्या खालच्या भागात जाळी आणि वर झरोका, दोन्ही कायम उघडे हवेत. त्याहून चांगलं म्हणजे गिझर बाहेर मोकळ्या जागेत लावून गरम पाण्याचा पाइप तेवढा आत घ्यायचा. चार-सहा फूट पाइप जास्त लागतो, बस्स. पण जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये झरोक्याला थर्माकोल आणि पेठेतल्या घरांत जुन्या चादरीचा बोळा मी आजही पाहतो.

माझ्या धंद्यातल्या भावांनो, गिऱ्हाईक कितीही म्हणो, बंद न्हाणीत गिझर लावू नका. महापालिकेनंही नव्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देताना न्हाणीघरातली हवेची वाट तपासावी.

साखर पेठेत, जोडभावी पेठेत कुणाच्या झरोक्याला शीट किंवा पत्रा ठोकलेला असेल, तर भोगीपर्यंत मी तो पैसे न घेता काढून देईन. गल्लीत विचारा, कुणीही घर दाखवेल.

— एक प्लंबर, साखर पेठ, सोलापूर