धावणारे पाय आणि सिंथेसायझर

संपादक महोदय,

खेळावरच्या सिनेमात कोण जिंकणार हे बहुतेक वेळा आधीच कळलेलं असतं तरी छाती धडधडतेच, आणि माझ्या मते त्यातलं निम्मं काम संगीत करतं. परवा मुलीबरोबर १९८१चा 'चॅरियट्स ऑफ फायर' परत पाहिला. सुरुवातीला पांढऱ्या कपड्यातली पोरं समुद्रकिनाऱ्यावर अनवाणी पळतायत, स्लो मोशनमध्ये, ना स्पर्धा ना प्रेक्षक, पण खाली संगीतकार व्हँगेलिसचा सिंथेसायझरवरचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवरचा, तो एकसारखा ठेका चालू होतो, वरून पियानो येतो आणि घसा दाटूनच येतो हो. गोष्ट १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकची, तेव्हा सिंथेसायझर कुठला, दुसऱ्या कुणी त्या काळातला ऑर्केस्ट्राच घेतला असता. पण त्या इलेक्ट्रॉनिक आवाजामुळेच ती पोरं जुन्या फोटोतली न वाटता आत्ता आपल्यासमोर पळतायत असं वाटतं. संगीताचं ऑस्कर मिळालं ते योग्यच. मुलीने मध्येच आवाज म्यूट करून बघितला तर तेच दृश्य एकदम कोरडं, पाय दिसले पण जिद्द दिसेना.

म्हणूनच हल्लीच्या बऱ्याच खेळपटांबद्दल वाईट वाटतं. प्रत्येक चौकाराला, प्रत्येक गोलला ढोल नि व्हायोलिन असे आदळतात की धाकधूक व्हायला जागाच राहत नाही. शेवटच्या क्षणाआधी दोन सेकंद तरी शांतता ठेवा ना, खेळाडूचा नुसता श्वास ऐकू द्या.

- एक वाचक, सातारा