नावं ठाऊक नसलेल्या तिघींचे आभार

रात्रपाळीच्या सिस्टर, स्तनपानाबद्दल समजावणाऱ्या ताई आणि शेजारच्या खाटेवरची दुसऱ्या बाळंतपणाची ती आई, तुम्हां तिघींची नावं मला ठाऊक नाहीत. म्हणून हे जाहीर आभार.

सिस्टर, तुम्ही बाटली पुढे केली नाहीत, खुर्ची ओढून बसलात. बाळाचं डोकं न दाबता पाठीला आधार दिलात, त्याचं पोट माझ्या पोटाला टेकवलंत आणि त्यानं मोठा आ करेपर्यंत थांबायला लावलंत. नुसतं स्तनाग्र नव्हे, भोवतालचा काळसर भागही तोंडात गेला, हनुवटी टेकली, खालचा ओठ बाहेर वळला आणि माझं कळवळणं थांबलं. मग घोट गिळल्याचा बारीक आवाज आला. तुम्ही नुसत्या हसलात.

ताई, ‘दूध पुरत नाही वाटतं’ हे भेटायला येणारं प्रत्येकजण (कुणी विचारलेलं नसताना) ऐकवत होतं. सुरुवातीचा चीक थोडाच असतो आणि बाळाचं पोटही इवलंसं, हे तुमच्याकडून कळलं. 24 तासांत 8 ते 12 वेळा पाजायचं, पाचव्या दिवसापासून दिवसाला निदान 6 लंगोट ओले होतात का पाहायचं, वजनावर लक्ष ठेवायचं. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. खरं तर हे बाळंतपणाआधीच सांगायला हवं, नवऱ्यालाही.

आणि शेजारच्या बाई, मध्यरात्री काही न विचारता माझं बाळ खांद्यावर घेऊन तुम्ही ढेकर काढलात. तेवढ्यात मला झोप लागली. मनापासून आभार.