नुसते किलोमीटर अन् तास छापून भागत नाही

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात माहितीची छोटी चौकट येते, त्यात मागे दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को अंतर साधारण 12,400 किमी अन् विमानाला 16 तास असं आलं होतं. आकडे चूक नाहीत. पण माझं तालुक्याला तिकीट बुकिंगचं दुकान आहे, लोक ते कात्रण घेऊन माझ्याशीच भांडतात, म्हणून लिहितोय.

परवा एक काका आले, पोरगी तिकडे कॅलिफोर्नियात असते, कात्रण चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवलेलं. म्हणे, "काऊन बावा, पेपरात सोळा घंटे अन् तिकिटावर त साडेतीनच दिसून रायले, खोटं कोन बोलते?" तिकिटावर रात्री 3 ला सुटून त्याच तारखेला सकाळी साडेसहाला उतरणार असं होतं. आता तिथलं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे, हिवाळ्यात साडेतेरा, अन् तिकिटावर दोन्हीकडचा टाइम तिथला तिथला असतो, हे चौकटीत एका ओळीत बसलं असतं ना.

दुसरं म्हणजे तुम्ही नकाशावर दिल्लीपासून युरोपावरून सरळ रेघ मारली. पृथ्वी गोल आहे हो. आमच्या मोर्शीचं एखादं संत्रं घ्या अन् त्यावर दोरा ताणून पाहा, सगळ्यात जवळचा रस्ता उत्तर ध्रुवाच्या पार जवळून जातो, 12,400 चा आकडा त्याच रस्त्याचा आहे. अन् विमान तरी दरवेळी तिथून कुठं जातं? वर दहा-बारा किलोमीटरवर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचे वारे असतात, ते पाठीशी आले की वेळ वाचतो, समोरून आले की बसा. 2016 मध्ये एअर इंडियानं याच रूटचं विमान अटलांटिक सोडून पूर्वेकडं पॅसिफिकवरून नेलं, वारे पाठीशी, अंतर 15,000 किमीच्या वर गेलं तरी साडेचौदा तासात पोचलं. म्हणजे लांबचा रस्ता लवकर! उलट एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं आपल्या कंपन्यांना हवाई हद्द बंद केली तेव्हा पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना वळसा पडला, काहींना तर तेल भरायला मधे व्हिएन्नाला उतरावं लागलं. शहरं जागेवरच, तास मात्र वाढले.

एवढं लांब कशाला, आपल्या अमरावतीच्या बेलोरा विमानतळाचंच घ्या. अमरावती-मुंबई हवाई अंतर नागपूर-मुंबईपेक्षा कमी, तरी 2025 ला सुरू झालेल्या त्या पंख्याच्या एटीआर विमानाला पावणेदोन तास, अन् नागपूरहून जेटला दीडच्या आसपास. गिऱ्हाईकाला हे पटवता पटवता माझा चहा थंड होतो.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी जायचा अन् यायचा वेळ वेगळा द्या, साधारण किती ते किती तास ते लिहा, दोन्हीकडच्या घड्याळातला फरक टाका. अन् जमलं तर गावापासून नागपूर, तिथून दिल्ली, अन् इंटरनॅशनलला तीन तास आधी पोचायचं हे धरून टोटल पण द्या, कारण आमच्याकडचा माणूस काही दिल्लीच्या विमानतळात राहत नाही.

आपला,
एक वाचक
ता. मोर्शी, जि. अमरावती