उभं कोण राहिलं?

भुसावळ
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय प्रभ्या,

सव्वा वर्ष तुला पत्र नाही. शिव्या देऊन घे आधी, मग पुढे वाच. फोनवर होतं ते काही बोलणं नव्हे. तू "आवाज येतोय का" विचारतोस, मी "येतोय" म्हणतो, तेवढ्यात मागून वहिनी कुकर बंद करायला सांगतात. आणि आज जे झालं ते फोनवर सांगण्यासारखं नाही. हिलाही सांगून उपयोग नाही, तिला ते कळायचं नाही. बीपीची गोळी चालू आहे, साखर काठावर, बाकी बरा.

मी होडी घेतली.

हसून झालं असेल तर सांगतो. दहा फुटी आहे, फायबरची, निळी. रावेरकडच्या एका केळीवाल्याने शेततळ्यासाठी हौसेने घेतली होती. तळ्याचा कागद फाटला, पाणी गेलं आणि होडी गोठ्यात पडली. मी बघायला गेलो तेव्हा तिच्यात कोंबडी अंड्यावर बसलेली. 22,000 म्हणाला, 18,000 ला तुटलं. कोंबडी उठेपर्यंत थांबायला लागलं ते वेगळं. छोट्या हत्तीवर टाकून घरी आणली तेव्हा अख्खी गल्ली बाहेर. रिटायर होऊन सात महिने झाले, माणसाने तीर्थयात्रा करावी की हे, असं समोरचे काका माझ्यादेखत म्हणाले.

अंगणात दोन विटांवर ठेवून तिच्यात गळाभर पाणी भरलं आणि खालून कुठे घाम फुटतो ते बघत बसलो. आप्पा त्यांच्या छोट्या नावेचं, डोंगीचं, असंच करायचे, आठवतं? कण्याजवळ दोन ठिकाणी थेंब आले. टाक्या दुरुस्त करणारा पोरगा बोलावून तिथे जाळी आणि रेझिन लावून घेतलं. ही ओट्यावरून म्हणाली, "लोक होडी पाण्यात ठेवतात, तुम्ही पाणी होडीत ठेवलंय." पोरीने पुण्याहून लाईफ जॅकेट पाठवलं, भगव्या रंगाचं. ते घालून मी चांगदेवच्या काठावर उभा राहिलो की दिंडीतून चुकलेला वारकरी दिसतो.

होडी आता मेहुण्याच्या खळ्यात असते, संगमाच्या अलीकडे. हतनूर धरणाचे दरवाजे बंद झाल्यापासून पाणी चांगलं फुगलंय. सकाळी धुकं असतं, चक्रवाक आलेत, मधूनच ओरडतात. पूर्णेचं पाणी अजून थोडं गढूळ, तापीचं निवळलंय, दोघींची रेघ लांबूनही दिसते. तू असतास तर म्हणाला असतास, वऱ्हाडची माती आहे, फुकट मिळते तर घ्या.

आता खरं सांगतो. पहिले तीन रविवार मी काठापासून वीस हातांच्या पुढे गेलोच नाही. वल्हं मारायचं, पाणी काळं दिसायला लागलं की परत फिरायचं. पोटात गोळा. साठी उलटलेला माणूस पाण्याला भितो हे कोणाला सांगणार? घरी मात्र "आज मासा लागत नव्हता" असं सांगत होतो. तिसऱ्या रविवारी लाज वाटली म्हणून येताना बाजारातून दीड किलोचा रोहू घेतला आणि पिशवीतून ऐटीत काढून ओट्यावर ठेवला. हिने तो उलटा केला, कल्ल्यात बोट घातलं आणि म्हणाली, "तापीत बर्फ कधीपासून पडायला लागला?" आंध्राचा थर्माकोलच्या खोक्यातला मासा रे! पाण्याने धुवायचंही सुचलं नाही मला. आता घरात काहीही हरवलं की ही म्हणते, बर्फात बघा.

आमिष आपलंच. कणीक, डाळ्याचं पीठ, चिमूटभर हिंग. तू लसूण ठेचून घालायचास आणि मी म्हणायचो, माशाला फोडणी कशाला. मागच्या रविवारी घातला लसूण. लागतो जास्त. हे मान्य करायला चाळीस वर्षं लागली, पण एकदाच लिहितोय, वहिनींना वाचून दाखवू नकोस. आणि दुसरं, आपण गळ तळाशी सोडून रोहूची वाट बघायचो ना, तो सगळा मूर्खपणा होता. कटला वर चरतो, रोहू मधल्या पाण्यात, तळाशी मृगळ. आपल्याला मृगळच का मिळायचा ते आता कळलं. हल्ली मात्र निम्मं पाणी चिलापीचं आहे. रोहू-कटल्याला अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं, धरणाच्या साठलेल्या पाण्यात ते होत नाही, म्हणून मच्छीमारांची संस्था दर पावसाळ्यात बीज आणून सोडते. ठेकाही संस्थेकडेच. नुसता गळ टाकायचा तरी पावती फाडावी लागते.

त्या पावतीपासूनच सगळं सुरू झालं.

पावती देतो तो आप्पांचा धाकटा. मला ओळखलं नाही. नाव सांगितलं, गाव सांगितलं, तेव्हा पेन थांबवून म्हणाला, "म्हणजे त्या प्रभाकरसोबतचे तुम्ही? ज्याने आमच्या बाबांची डोंगी बुडवली?" मी म्हटलं, "हो, तोच मी." काय वाक्य आहे बघ. हो तोच मी, म्हणजे सोबतचा. तो हसला, मीही हसलो. मग घरी घेऊन गेला. आप्पा आहेत. ऐंशीच्या पुढचे असतील, कान गेलेत, पण ओट्यावर बसून जाळं विणत होते, नजर हातावर नाही आणि गाठ चुकत नाही. मला जवळ बसवलं, चहा पाजला. आणि मोठ्याने, सगळी गल्ली ऐकेल असं विचारलं, "काहून रे, तो प्रभाकर अजून नावेत उभा ऱ्हातो का?"

मी पुन्हा हसलो रे.

आता आजचं सांगतो. आज वारा नव्हता. धीर करून पन्नासेक हात आत गेलो. वाळूची गोणी दोरीला बांधून सोडली, गळ टाकला. अर्धा तास काही नाही. चिलापीने दोनदा आमिष कुरतडलं. मग बूच एकदम तिरकं झालं आणि गायब. दोरी बोटातून अशी सरकली की कातडं निघालं, अजून चुरचुरतंय. आणि प्रभ्या, मी उभा राहिलो. ठरवून नाही. डावा पाय मधे, उजवा कडेवर, गुडघा वाकलेला, उजवा हात डोक्याच्या वर. होडी कलंडली, कडेवरून बादलीभर पाणी आत आलं, तसा मी मट्कन खाली बसलो, मासा गेला. पण त्या दोन सेकंदांत मला समोरच्या पाट्यावर तू दिसलास. बसलेला. वरून. तुझ्या डोक्यातले दोन भोवरे.

मी चाळीस वर्षं ती गोष्ट सांगतोय. तुझ्या लग्नात सांगितली, माझ्या लग्नात सांगितली, रेल्वेच्या प्रत्येक पार्टीत सांगितली. 1984 चा श्रावण, आप्पांची न विचारता सोडलेली डोंगी, मोठी मरळ, आणि मग "प्रभ्या उठून उभा राहिला." तू दर वेळी म्हणायचास, उभा तू राहिलास, आणि मी तुला खोटारडा म्हणायचो. लोक हसायचे, कारण गोष्ट सांगायला मी बरा आहे. आणि दर वेळी मी पुढे म्हणायचो, "डोंगी उलटायच्या आधी मला याचे दोन भोवरे दिसले, तेव्हाच कळलं, याची दोन लग्नं होणार." हशा हमखास.

अरे, तू उभा असतास तर मला तुझे भोवरे कसे दिसले असते?

चाळीस वर्षं मी स्वतःच्या तोंडाने पुरावा देत होतो. तुझ्याही लक्षात आलं नाही का? की आलं होतं? दुसरंच खरं असलं तर सांगू नकोस, किंवा सांग. मला ठरवता येत नाही.

परत येताना काठावर होडी ओढून घेतली आणि तिथेच ओल्या पँटवर बसून राहिलो. त्या श्रावणात धरणाचे दरवाजे उघडे होते, डोंगी धारेला लागून गेली आणि दोन दिवसांनी धरणाशी फुटलेली मिळाली. पारावर आप्पांनी विचारलं, उभं कोण राहिलं? आणि मी बोट दाखवलं. मला वाटलंही होतं तसं, खोटं बोलायचं म्हणून बोललो नव्हतो, एवढं मान. की मी आजच हे रचतोय? तुझ्या वडिलांनी, बापूंनी, तुला तिथेच चपलेने मारलं. मग गोऱ्हा विकला आणि आप्पांना पैसे दिले. माझ्या बाबांनी एक पै दिली नाही, उलट मला म्हणाले, प्रभ्याच्या नादाला लागू नकोस. तू दिवाळीनंतर मामाकडे सुरतेला गेलास तो गेलासच. गोऱ्हा गेला नसता तर तू गेला असतास का, हा प्रश्न मी संध्याकाळपासून उलटसुलट करतोय. हिने विचारलं, आज बर्फ मिळाला नाही वाटतं. मी हसलो नाही तेव्हा गप्प झाली आणि भरीत वाढलं. कळण्याची भाकरी होती. जेवलो मात्र.

बुधवारी आप्पांकडे जाणार आहे. जायचं ठरवलंय एवढंच. कान गेलेल्या माणसाला हे सांगायचं म्हणजे ओरडून सांगायला लागणार, गल्ली ऐकणार, पोरगा ऐकणार, त्याने पावती परत घेतली तर घेईल. मी मनात तालीम करून पाहिली, "आप्पा, प्रभाकर नाही, मी!" असं ओरडलं की वेड्यासारखं वाटतं. कागदावर लिहून न्यावं तर त्यांना वाचता येत नाही. लिहिलेलं पोराने वाचून दाखवायचं? नको. ओरडतो.

चिंटूचं हिऱ्याच्या कारखान्यातलं कसं चाललंय? मंदी म्हणतात सगळीकडे. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन करून टाका, पुढे ढकलू नका. ताईच्या सासरचं मिटलं का? सगळं सविस्तर लिही. मी काही विचारत नाही असं वाटून घेऊ नकोस, आज डोकं ठिकाणावर नाही. 2006 च्या पुरात तुमच्या घरात छातीएवढं पाणी होतं तेव्हाही मी आठ दिवसांनी फोन केला होता, तेही आत्ता आठवतंय. तेसुद्धा आमच्याकडूनच खाली आलेलं पाणी.

महाशिवरात्रीला ये. चांगदेवची जत्रा आहे, होडीत दोघं मावतो, वजनाचं मी बघितलंय. येताना नायलॉनची बारीक दोरी आण, सुरतेला स्वस्त मिळते. आणि बसून राहायचं, दोघांनीही.

आणखी एक. बापूंनी तो गोऱ्हा कितीला विकला होता? मला 600 वाटतात, पण माझ्या आठवणीवर आता माझाच विश्वास नाही. तुझ्या आईला विचार, तिला नक्की माहीत असेल. आकडा कळव.

तुझा,
वश्या

ता. क. लसणाचं प्रमाण किती असायचं? मी चार पाकळ्या घातल्या, फार झाल्या बहुतेक. कणीक सुटत होती.